सतरा ‘की’चा चँटर: चावी की पट्टी?

प्रश्न असा होता की नॉर्थंब्रियन स्मॉलपाइप्स या इंग्लिश बॅगपाइपवरच्या मजकुराचा अनुवाद करताना ‘जी (G) की मधला, सतरा की असलेला चँटर’ याचं ‘जी पट्टीचा, सतरा पट्ट्यांचा चँटर’ केलं तर चालेल का. (चँटर म्हणजे सुरावट वाजवायची नळी.) माझं मत, पहिली पट्टी ठेवा, दुसरी काढा. कारण ‘सतरा पट्ट्या’ वाचल्यावर कुणालाही वाटणार की हे वाद्य काळी एक, काळी दोन अशा सतरा पट्ट्यांमधे वाजतं, आणि तसं काहीच नाहीये. पेटीमुळे आपली सवय झालीय, तिथे बोटाखालची पट्टी आणि गायकाची पट्टी एकाच शब्दात भागतात, इथे भागत नाही.

इथे दुसरी ‘की’ म्हणजे नळीवर बसवलेली धातूची चावी. इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, न्यूकॅसलच्या आसपासचं हे वाद्य, काखेतल्या भात्याने हवा भरायची, तोंडाने फुंकायचं नाही. चँटरचं खालचं टोक बंद, त्यामुळे सगळी भोकं झाकली की आवाज पूर्ण थांबतो, एका वेळी एकच बोट उचलायचं म्हणजे एकेक सूर सुटा, टपोरा पडतो. भोकं आठ, सूर आठ, म्हणजे एकच सप्तक. मग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन डन, रॉबर्ट रीड यांच्यासारख्या कारागिरांनी चाव्या वाढवल्या. चावी स्प्रिंगने भोक झाकून बसलेली असते, दाबली की उघडते, आणि ती दाबतात उजवा अंगठा आणि डावी करंगळी, कारण बाकीची आठही बोटं भोकांवर अडकलेली! सात चाव्यांचा चँटर खूप वाजवला जातो, तो खाली डी आणि वर बी पर्यंत जातो. सतरा चाव्या असल्या की मधले कोमल-तीव्र सूरही मिळतात.

आता ‘जी पट्टी’बद्दल, ती ठेवा म्हटलं तरी एक शब्द जोडाच. लिहिताना जी लिहितात पण नेहमीचा चँटर प्रत्यक्षात बोलतो एफच्या किंचित वर, म्हणजे कागदावर पांढरी पाच आणि कानाला पांढरी चारपेक्षा जरासं चढं. आपला सा जसा कुठल्याही पट्टीत सा च, तसंच हे जी चं नाव. खरोखर जी मधे किंवा डी मधे बोलणारे चँटरही बनतात, म्हणून ‘जी नावाची पट्टी’ की ‘जी मधे बोलणारा’ हे मूळ मजकुरातून बघून घ्या. माझं वाक्य असं होईल: ‘सतरा चाव्यांचा, जी पट्टीत लिहिला जाणारा चँटर’.

आणि ड्रोनला, म्हणजे एकच सूर सतत धरून ठेवणाऱ्या नळीला, सरळ ‘सूर’ म्हणा, सनईच्या जोडीला धरतात तोच.