चार दिवस, दोन सायकली आणि बोडनझे सरोवर

प्रश्न : आमचा मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत स्टुटगार्टला राहतो आणि येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. माझे वय ६४, पत्नीचे ६१. ठाण्यात उपवन तलावाच्या परिसरात आम्ही रोज सकाळी सायकल चालवतो. पण एका दिवसात दहा किलोमीटरच्या पुढे कधी गेलेलो नाही. बोडनझे सरोवराला सायकलने पूर्ण फेरी मारता येते, असे मुलगा सांगतो. चार दिवसांत ही प्रदक्षिणा आमच्याच्याने होईल का, आणि वाटेतल्या जुन्या वास्तू पाहायला वेळ मिळेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कदाचित प्रदक्षिणा होईल, पण वास्तू पाहणे होणार नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तीन देशांच्या काठाने जाणारी ही फेरी सुमारे २६० किलोमीटरची आहे, म्हणजे चार दिवसांत रोज ६५ किलोमीटर. वाट बहुतांशी सपाट असल्यामुळे ते अशक्य नाही. मात्र मग दिवसभर पुढच्याच्या मडगार्डकडे पाहत पेडल मारायचे आणि संध्याकाळी पाय चेपत बसायचे, एवढेच हाती उरते. नर्मदा परिक्रमेत पाणी ओलांडले की व्रत मोडते. इथे तसा काही नियम नाही. उलट सायकलीसह बोटीत बसणे हाच या प्रवासातला निम्मा आनंद आहे. म्हणून दोन ठिकाणी पाणी ओलांडणारी एक लहान फेरी सुचवतो.

फेरी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने करावी. तसे केल्याने सरोवर उजव्या हाताला राहते, म्हणजे प्रदक्षिणेचा आपला नियमही पाळला जातो आणि तिकडे वाहने रस्त्याच्या उजवीकडून चालत असल्यामुळे आपण कायम पाण्याच्या बाजूला राहतो. वाटेवरच्या पाट्यांवर निळे मागचे चाक असलेला सायकलस्वार दिसेल. त्याच्या मागे जावे.

पहिला दिवस रायखेनाऊ बेटाचा. जर्मन काठावरच्या कॉन्स्टान्झ शहरात रेल्वेने उतरून तिथेच सायकली भाड्याने घ्याव्यात आणि सामान मुक्कामी ठेवून निघावे. मुख्य भूमीपासून बेटापर्यंत पॉप्लर वृक्षांच्या दुतर्फा रांगांतून जाणारा बांध आहे. इ.स. ७२४ मध्ये इथे स्थापन झालेला ख्रिस्ती मठ मध्ययुगात हस्तलिखितांसाठी युरोपभर नावाजला होता आणि २००० साली या बेटाला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आज मात्र बेटावर अधिक दिसतात ती काचगृहे. काकडी, टोमॅटो आणि सॅलडच्या पानांचे वाफे पार चर्चच्या भिंतींपर्यंत पोहोचले आहेत. देऊळ आणि मळा असे एकमेकांना खेटून असलेले आपल्याला काही नवे वाटणार नाही.

बेटावर तीन जुनी चर्चे आहेत. त्यांपैकी ओबरत्सेल येथील सेंट गेऑर्ग चर्चला जास्तीत जास्त वेळ द्यावा. भिंतींवर दहाव्या शतकाच्या सुमारास येशूचे चमत्कार रंगवलेले आहेत. पाहणाऱ्यांच्या श्वासातील ओलाव्याने रंग बिघडतात, म्हणून मे ते सप्टेंबर या काळात ठरलेल्या वेळी मार्गदर्शकासोबतच आत सोडतात. ही वेळ आधी पाहून घ्यावी. मी एकदा दुपारी उशिरा पोहोचलो आणि बंद दारावर समाधान मानून परतलो. आत गेल्यावर मोठी चित्रे पाहून झाली की चौदाव्या शतकातले एक छोटे चित्र शोधावे. काही भुते एक गाईचे कातडे चारी बाजूंनी ताणून धरून उभी आहेत आणि चर्चमध्ये बसून बायका ज्या निरर्थक गप्पा मारतात, त्यांची नोंद त्या कातड्यावर चालली आहे. पुरुषांच्या गप्पांसाठी किती कातडी लागली असती, याचा विचार चित्रकाराने केलेला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी कॉन्स्टान्झच्या श्टाड धक्क्यावरून मोटारींच्या फेरीबोटीने पंधरा-वीस मिनिटांत मेर्सबुर्गला उतरावे. मेर्सबुर्गचा किल्ला वरच्या गावात आहे आणि चढ उभा आहे. सायकली खालीच लावून पायी जावे. सामान मुक्कामी टाकून त्याच दिवशी पश्चिमेला उंटरउल्डिंगेनपर्यंत जाऊन यावे. पाण्यात रोवलेल्या खांबांवर अश्म आणि कांस्य युगातील घरे इथे पुन्हा उभारलेली आहेत. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की यांतले एकही घर जुने नाही. पहिली दोन १९२२ साली बांधली गेली. २०११ मध्ये जागतिक वारसा ठरले आहेत ते आल्प्सभोवतीच्या सहा देशांतील १११ स्थळांचे खरे अवशेष, आणि ते बहुतांशी पाण्याखाली, गाळात आहेत. तरीही त्या लाकडी फळ्यांवरून चालताना खालचे पाणी फटींतून दिसते, तेव्हा प्रतिकृतीचा आक्षेप मनातून गळून पडतो.

तिथून थोडे पुढे द्राक्षमळ्यांच्या टेकाडावर बिर्नाऊचे गुलाबी चर्च आहे, अठराव्या शतकाच्या मध्याचे. आतला सजावटीचा भपका सर्वांनाच रुचेल असे नाही, मला तरी तो जरा अति वाटतो. पण संत बर्नार्डच्या वेदीपाशी एक गुबगुबीत बाळदूत काखेत मधमाश्यांचे पोळे घेऊन बोट चोखत उभा आहे. बर्नार्डची वाणी मधाळ होती असे मानत, त्याची ही खूण. आपल्याकडच्या लोणी खाणाऱ्या बाळकृष्णाची आठवण आल्यावाचून राहत नाही.

तिसरा दिवस मेर्सबुर्ग ते फ्रीडरिशहाफेन, सुमारे वीस किलोमीटर. वाट सतत पाण्यालगत नाही. मधूनमधून सफरचंदांच्या बागांतून आणि वाहत्या रस्त्याच्या कडेनेही जाते. काउंट झेपेलिनच्या वायूने भरलेल्या पहिल्या हवाई जहाजाने २ जुलै १९०० रोजी याच गावाजवळ सरोवरावरून उड्डाण केले. बंदरावरच्या जुन्या रेल्वे स्थानकात त्याचे संग्रहालय आहे. चौथ्या दिवशी तिथूनच सायकलींसह बोटीने स्विस काठावरील रोमान्सहॉर्नला उतरावे आणि वीसेक किलोमीटर चालवत कॉन्स्टान्झला परतावे. हा थुर्गाऊ प्रांत. सफरचंदाच्या रसाला तिथे मोस्ट म्हणतात आणि त्यावरून या प्रांताला थट्टेने ‘मोस्टइंडियन’, म्हणजे मोस्टचा हिंदुस्थान, असे नाव पडले आहे. सप्टेंबरमध्ये फळांनी वाकलेल्या फांद्या पाहून नावातला पहिला अर्धा भाग तरी पटेल. पासपोर्ट जवळ बाळगावा, थोडे स्विस फ्रँक ठेवावेत आणि मोबाइलचा पॅक स्वित्झर्लंडमध्ये चालतो का हे आधीच विचारून घ्यावे.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. कॉन्स्टान्झच्या धर्मसभेबद्दल वाचले आहे. त्या घटनेचे आज तिथे प्रत्यक्ष काय पाहायला मिळते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बरेच काही मिळते आणि ते सर्व सायकलच्या टप्प्यात आहे. १४१४ ते १४१८ या काळात ही सभा भरली, तेव्हा ख्रिस्ती जगात एकाच वेळी तीन पोप आपापला हक्क सांगत होते. सभेने तो गुंता सोडवला आणि नोव्हेंबर १४१७ मध्ये पाचव्या मार्टिनची निवड केली. ही निवड ज्या इमारतीत झाली ती बंदराला लागूनच उभी आहे. ती राजवाडा नव्हे की चर्च नव्हे, तर १३८८ मध्ये बांधलेली व्यापाऱ्यांची वखार आहे. पोपची निवड मालाच्या कोठारात झाली, हे विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे. आज तिथे समारंभ होतात आणि खाली उपाहारगृह चालते.

याच सभेची दुसरी बाजू शहराच्या जुन्या वेशीबाहेर आहे. प्राग येथील धर्मसुधारक यान हुस जर्मनीचा राजा आणि पुढे सम्राट झालेल्या झिगिस्मुंडचे अभयपत्र घेऊन इथे आला होता. तरीही त्याला कैद केले गेले आणि ६ जुलै १४१५ रोजी जिवंत जाळण्यात आले. त्या जागेची खूण म्हणून १८६२ मध्ये एक मोठा ओबडधोबड दगड बसवला आहे. वखारीपुढे दिव्यांचा झगमगाट आणि पर्यटकांची रीघ असते. दगड मात्र एका साध्या रस्त्यावर, वस्तीच्या मधोमध आहे. वखार आधी आणि दगड नंतर, असा क्रम ठेवावा. बंदराच्या तोंडाशी एका गणिकेचा नऊ मीटर उंच पुतळा स्वतःभोवती संथपणे फिरत असतो. तो १९९३ चा आहे. तिच्या दोन्ही तळहातांवर दोन खुजे नग्न पुरुष बसलेले असून एकाच्या डोक्यावर पोपचा आणि दुसऱ्याच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट आहे. सभेवर इतके नेमके भाष्य मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात आढळले नाही.

प्रश्न : मला गुडघेदुखी आहे आणि आम्ही शाकाहारी आहोत. ही सहल झेपेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बॅटरीची सायकल भाड्याने घ्यावी, पेडल मारले तरच मोटर साथ देते आणि ताशी २५ किलोमीटरनंतर ती थांबते. आसनाची उंची दुकानातच बसून ठरवून घ्यावी, कारण आसन फार खाली असेल तर गुडघ्यावर अधिक ताण येतो. जेवणात ड्युनेले नावाची पातळ, भाजलेली रोटी भाज्या आणि चीज घालून मिळते. मांसाचे तुकडे नकोत, हे मात्र सांगावे लागते. चीज घातलेल्या श्पेट्सले नावाच्या जाडसर शेवयांत मांस नसते, पण अंडे असते. माउलटाशेन दिसायला करंजीच्या जातीचे, परंतु आत बहुधा मांसाचे सारण असते.

आणखी एक सूचना, विशेषतः दुपारी बोट गाठणाऱ्यांसाठी. काठावर ठिकठिकाणी नारिंगी दिवे आहेत. ते मिनिटाला ४० वेळा लुकलुकत असतील तर जोराच्या वाऱ्याचा इशारा असतो आणि ९० वेळा लुकलुकू लागले तर वादळाचा. असे दिसल्यास बोटीचे वेळापत्रक धक्क्यावर विचारून घ्यावे आणि तोवर जवळच्या कॉफीच्या दुकानात, सायकली भिंतीला टेकवून, निवांत बसावे.