‘पण’, ‘म्हणून’ आणि संयुक्त विधानाची सत्यता

पुण्यातील बारावीच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, गणितीय तर्कशास्त्रात ‘पण’ने जोडलेले विधान ‘आणि’च्या विधानासारखेच का मानतात, आणि मग ‘म्हणून’ला तीच वागणूक का मिळत नाही.

व्याकरण या तिन्ही उभयान्वयी अव्ययांना अनुक्रमे न्यूनत्वबोधक, समुच्चयबोधक आणि परिणामबोधक म्हणते. तर्कशास्त्राला एवढेच पाहायचे असते की, घटक विधाने सत्य की असत्य हे कळल्यावर केवळ तेवढ्यावरून संपूर्ण विधानाचे सत्यता मूल्य ठरते की नाही.

‘हा वाडा जुना आहे पण हवेशीर आहे’ हे विधान सत्य ठरण्यासाठी वाडा जुना असावा लागतो आणि हवेशीरही असावा लागतो. दोहोंपैकी एक जरी असत्य निघाले, तरी संपूर्ण विधान असत्य. म्हणजे सत्यता सारणी (घटकांच्या सत्य-असत्यतेच्या प्रत्येक शक्यतेसमोर संपूर्ण विधानाचे मूल्य लिहिलेला तक्ता) ‘आणि’चीच झाली. ‘हवेशीर आहे पण जुना आहे’ असे उलटून म्हटले, तर शिफारशीच्या जागी सावधगिरीची सूचना ऐकू येते. बोलणाऱ्याचा हा कल मराठीत फार मोलाचा आहे, तरी त्याने वाड्याची वस्तुस्थिती तसूभरही बदलत नाही.

‘म्हणून’चे तसे नाही. खडकवासला धरणातून मुठा नदीत भरपूर पाणी सोडल्यामुळे तिच्यावरचा भिडे पूल बुडाला असेल, त्या दिवशी ‘धरणातून पाणी सोडले म्हणून भिडे पूल पाण्याखाली गेला’ हे विधान सत्य असते. याउलट ‘सिंहगड पुण्याच्या नैर्ऋत्येस आहे म्हणून शनिवारवाडा १७३२ मध्ये बांधून झाला’ या विधानाचे दोन्ही घटक सत्य असूनही ते असत्य आहे, कारण त्यात सांगितलेला कार्यकारणसंबंधच मुळी नाही. दोन्ही घटक सत्य असलेल्या एकाच ओळीत एकदा ‘सत्य’ आणि एकदा ‘असत्य’ लिहावे लागत असेल, तर अशी सारणी मांडताच येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, बोलण्यातल्या ‘जर–तर’मध्येही असा संबंध अभिप्रेत असतोच. आक्षेप रास्त आहे. तर्कशास्त्र तो संबंध जाणूनबुजून बाजूला ठेवते आणि ‘जर’चा भाग सत्य व ‘तर’चा असत्य असेल, तेव्हाच विधान असत्य मानते, मेगाराच्या फिलो या ग्रीक तर्कशास्त्रज्ञाने हा नियम इसवी सनापूर्वीच मांडला होता. ‘म्हणून’मधून मात्र संबंध वगळला, तर उरते ते निव्वळ ‘आणि’. त्यामुळे चिन्हांत मांडताना ‘म्हणून’चे सबंध वाक्य एकच साधे विधान धरावे, हे मला अधिक योग्य वाटते.