कर्टुली पहिल्यांदाच करून बघायची आहेत. कडू लागतात का? कोल्हापुरात कशी करतात?

कारल्याच्या कुळातली असली तरी कारल्याइतकी कडू नसतात. जिभेच्या टोकाला जरासा कडवटपणा जाणवतो आणि लगेच जातो. अंगावरचे काटे मऊ असतात, ते खरवडायच्या भानगडीत पडू नका. चोळून धुतली, देठ आणि टोक उडवलं की झालं. मीठ लावून पिळायचीही गरज नाही, चव पाण्याबरोबर जाईल.

मी मूळचा सोलापूरकडचा, आमच्या घरात ही भाजी कधी आली नव्हती. कोल्हापुरात आल्यावर कपिलतीर्थ मार्केटात एका मावशींनी वाटा पुढं सरकवला आणि वर दोन फळं नखानं टोचून दाखवली. "ह्ये बगा, नख रुततंय. पिवळं पडल्यालं घिऊ नगासा, आत बी दगडागत हुतंय." निवडायचं शास्त्र एवढंच. कोवळ्या फळातल्या बिया पांढऱ्या असतात, त्या ठेवाच, दाताखाली छान लागतात. पिकल्या की लाल आणि टणक होतात, त्या मात्र काढा.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या वेळी कांदा-लसूण चटणी घालू नका. इथं बिनचटणीची भाजी म्हणजे आजाऱ्याचं जेवण, त्यामुळे शेजारच्या काकू चमचाभर घालायला सांगणारच. पण चटणी पडली की वांगं काय, दोडका काय, कर्टुली काय, सगळं तिच्याच चवीचं होतं. नवी भाजी कशी लागते ते तरी कळू दे. पातळ काप करा, तेल थोडं सढळ घ्या, मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, एक कांदा. भिजवलेली हरभऱ्याची डाळ मूठभर चालते. पाणी घालू नका. झाकण ठेवून एक वाफ आणा, मग झाकण काढून काप कडेनं तांबूस होईपर्यंत परता. मीठ शेवटी, वरून ओलं खोबरं. सोबत ज्वारीची भाकरी. पुढच्या वेळी खुशाल चटणी घाला.

भाव ऐकून दचकाल. ही रानातली वेल, पावसाळ्यापुरतीच फळते, नर वेल वेगळी आणि मादी वेगळी. शेतात लावली तरी बऱ्याचदा नर फुलाचा पराग हातानं मादी फुलाला लावत बसावं लागतं. त्यामुळे घासाघीस जरा बेतानंच करा.

आणि हे सगळं कर्टुलीपुरतं. दुसरी अनोळखी रानभाजी उचललीत तर विकणारीलाच विचारा, उकडून पाणी टाकायचं का. रानातला अळू किंवा सुरण नीट शिजवला नाही, चिंच-आमसूल घातलं नाही, तर घसा असा खाजतो की जेवण बाजूला राहतं. कर्टुलीला असलं काही लागत नाही. फक्त आणली की एक-दोन दिवसांत करा, ठेवली की घरातच पिवळी पडतात.