पार्किन्सनमध्ये वडिलांचे पाय दारापाशी जमिनीला चिकटतात. औषधांव्यतिरिक्त काय करता येईल?

आधी एक करा: तेव्हा त्यांना हात धरून ओढू नका, ‘चला, चला’ अशी घाईही नको. त्याने पाय आणखी अडतात, तोल जातो.

चालणं आपल्याकडून आपसूक होतं. पार्किन्सनमध्ये मेंदूची ही आपसूक यंत्रणाच बिघडते. पण डोळ्यांना किंवा कानाला इशारा मिळाला, की मेंदू लक्ष देऊन, दुसऱ्या वाटेने पाऊल टाकू शकतो. म्हणून सपाट फरशीवर अडणारा माणूस कधी कधी जिना सहज चढतो! मिलेहा सोनेजी या भारतीय डिझायनरने हे आपल्या काकांच्या बाबतीत पाहिलं आणि जमिनीवर पायऱ्यांचा भास होईल असं चित्र लावलं. काका त्यावरून चालत गेले.

तुम्ही दारापाशी एकेका पावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावा. पट्टी ओलांडायची, असं सांगा. मोबाईलवरचा मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं अ‍ॅप) किंवा ‘एक-दोन, एक-दोन’ मोजणंही चालतं. पाय अडलाच तर थांबायचं, श्वास घ्यायचा, वजन डावी-उजवीकडे झुलवायचं, मग एक मोठं पाऊल. वळताना जागेवर गिरकी नको, मोठा वळसा घ्यावा. चालताना गप्पा आणि हातात चहाचा कप, दोन्ही टाळा. पायपुसणी उचलून ठेवा.

कोणाला ठोका लागू पडतो, कोणाला पट्टी, करूनच कळतं. न्यूरो-फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा. ‘ताई ची’ या संथ हालचालींच्या चिनी व्यायामाचा आणि नृत्याचाही तोल सावरायला उपयोग होतो. आणि हे अडणं गोळीचा असर उतरल्यावरच होतं का, तेवढी वेळ लिहून डॉक्टरांना सांगा.