आवाज बारीक येतोय, माइक खराब आहे का?

प्रश्न : सर, मी घरी गोष्टींचा पॉडकास्ट करते. आधीच्या कंडेन्सर माइकमध्ये कुकरची शिट्टी, रिक्षा, वरच्यांची खुर्ची सरकवणं सगळंच यायचं, म्हणून पैसे साठवून शुअर एसएम७बी घेतला. पण आवाज एकदम बारीक येतो आणि इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) गेन, म्हणजे आवाज वाढवायचा नॉब, फुल्ल केला तर मागे नुसता सूंऽऽ आवाज. पीस खराब आलाय का? आणि इंटरफेसवरचं कंडेन्सरला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण चुकून दाबलं तर माइक जळतो म्हणतात, खरंय का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, माइक परत पाठवायची घाई करू नका, तुम्ही सांगताय ती लक्षणं या माइकची नेहमीचीच आहेत. एसएम७बी हा डायनॅमिक माइक आहे. अशा माइकमध्ये पडद्याला तांब्याच्या बारीक तारेची कॉइल चिकटवलेली असते, ती लोहचुंबकाच्या मधे हलते आणि तेवढ्या हलण्यातूनच वीज तयार होते, बाहेरून काही मदत नाही. म्हणून सिग्नल बारीक. त्यातही एसएम७बी फारच बारीक, एका पास्कलला (हे आवाजाच्या दाबाचं माप) १.१२ मिलिव्होल्ट, शुअरच्याच साध्या डायनॅमिक एसएम५८ला सुद्धा १.८५ मिळतात आणि बाहेरून वीज घेणारा कंडेन्सर तर आरामात १०-२० देतो. एसएम७बीला साधारण ६० डेसिबल गेन लागतो, पण बरेच स्वस्त इंटरफेस ५०-५५ वरच दमतात आणि शेवटच्या टोकाला त्यांचाच सूं आवाज वर येतो.

पण खर्च करण्याआधी एक करून बघा, माइकच्या जवळ या. खूप जण फुटभर लांब बसून बोलतात आणि डायनॅमिकमध्ये बाहेरचा गोंगाट येत नाही असं धरून चालतात, ते तसं नाहीये हो, माइकला रिक्षा आणि तुम्ही यातलं काही कळत नाही, तुम्ही जवळ असता म्हणून रिक्षा लहान वाटते इतकंच! अंतर निम्मं केलं की साधारण ६ डेसिबल वाढतात, म्हणजे फुटावरून तीन इंचांवर आलात की १२ डेसिबल फुकट. तोंड जरा तिरकं ठेवा म्हणजे प-फ चे फटके बसणार नाहीत. जवळून आवाज घुमायला लागला तर मागे बेस कमी करायचा स्विच आहे तो लावा. माइकची पाठ पंख्याकडे किंवा खिडकीकडे ठेवा, मागून त्याला सगळ्यात कमी ऐकू येतं.

एवढं करूनही कमी पडलं तर क्लाउडलिफ्टरसारखा बूस्टर माइक आणि इंटरफेसच्या मधे लावा, २५ डेसिबलपर्यंत मिळतात. तुम्ही माइक अजून घेतला नसता तर मी एसएम५८च सांगितला असता, १९६६ पासून चालतोय आणि घरच्या पॉडकास्टला पुरून उरतो. ‘थ्रिलर’साठी मायकल जॅक्सन एसएम७ वर (एसएम७बीचाच आधीचा अवतार) गायला हे खरं, पण मागे अख्खा स्टुडिओ होता.

४८ व्होल्टचं म्हणाल तर घाबरू नका, केबल धड असेल तर अशा माइकला त्याने काही होत नाही. उलट तो बूस्टर चालायला तेच बटण दाबावं लागतं, फक्त दाबताना हेडफोन काढून ठेवा, टक्कन आवाज येतो.