नागपूरच्या घरच्या बागेत रुबार्ब झाकून लवकर पीक घेता येईल का?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडला लेकीकडे तिनं जानेवारीत रुबार्बच्या, म्हणजे आंबट देठांसाठी लावतात त्या झाडाच्या, गड्ड्यावर मातीचं उंच भांडं पालथं घातलं होतं आणि मार्च लागता लागता गुलाबी देठ खायला मिळाले. तसंच मनीषनगरच्या घरामागे करता येईल का, हा तुमचा प्रश्न. तिच्या पद्धतीनं नाही जमणार. पण नागपुरात रुबार्ब अजिबात येत नाही असंही नाही. मी गच्चीवर हिवाळ्यात घेते, फक्त त्याची रीत वेगळी आहे.

ते भांडं काय करतं ते आधी समजून घ्या. अंधारामुळे देठ कोवळे, गुलाबी आणि कमी आंबट होतात. लवकर येतात ते आतल्या थोड्या उबेमुळे. आणि ही वाढ होते ती सगळी मुळातल्या साठ्यावर, कारण अंधारात पान अन्न तयार करू शकत नाही. कणगीत दाणे असतील तर शेत रिकामं असतानाही घर जेवतं, तसंच हे. म्हणून यॉर्कशरमध्ये वेकफिल्ड, मॉर्ली आणि रॉथवेल यांच्या मधल्या पट्ट्यात, जिथल्या अशा रुबार्बला 2010 मध्ये युरोपात भौगोलिक नावाचं संरक्षण मिळालं, तिथले शेतकरी दोन वर्षं गड्ड्याला हातसुद्धा लावत नाहीत. एकही देठ न तोडता तो उघड्या शेतात पोसतात. मग त्यावर थंडी पडू देतात आणि त्यानंतरच उचलून उबदार, काळोख्या शेडमध्ये मांडतात. तोडणी मेणबत्तीच्या उजेडात होते, म्हणजे बाकीच्या देठांना उजेड लागून ते हिरवे पडत नाहीत. एकदा असा पिळून घेतलेला गड्डा मग टाकूनच देतात. घरच्या बागेतही, एकदा झाकलेल्या गड्ड्याला पुढं किमान वर्षभर तरी विश्रांती देतात.

आता आपली अडचण. रुबार्बला झोपेतून उठायला आधी ठरावीक थंडी भोगावी लागते. तिकडचे लोक शरद ऋतूपासून रोज सकाळी दहा सेंटिमीटर खोल मातीचं तापमान घेतात, ते 10 अंशांच्या जितकं खाली असेल तेवढे अंक मिळवत जातात आणि जातीनुसार बेरीज पुरी झाली की मगच गड्डे आत नेतात. आपल्याकडे पहाटे पारा 8-10 पर्यंत उतरतो खरा, पण दुपारी पुन्हा 28 च्या आसपास. माती तेवढी गार होतच नाही. दुसरं म्हणजे साठा व्हायला गड्डा दोन उन्हाळे जगायला हवा. बत्तीसच्या वर गेलं की हे झाड मान टाकतं आणि मे 2013 मध्ये नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली होती. हिरव्या जाळीखालीसुद्धा मी ते मे महिन्यातून बाहेर काढण्याची आशा धरत नाही. लेकीला गड्डा बॅगेत घालून आणायलाही सांगू नका. परदेशातून जिवंत रोपं-कंद आणायला क्वारंटाइनचे परवाने लागतात.

म्हणून इथे रुबार्ब कोबी-फ्लॉवरसारखा एका हंगामाचा समजायचा. ऑनलाइन बी मिळतं. चपटं, तपकिरी, कडेला कागदासारखे पंख असलेलं. रात्रभर पाण्यात भिजवा आणि पावसाचा जोर ओसरला की सप्टेंबरमध्ये ट्रेमध्ये टाका. ऑक्टोबरच्या उन्हात रोपं अर्ध्या सावलीतच ठेवायची, इथेच बहुतेकांची जातात. चार पानं झाली की मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात हलवा. मनीषनगरकडे काळी माती असेल तर तिच्यावर विसंबू नका. ती पाणी धरून ठेवते आणि रुबार्बचं खोड मातीच्या रेषेपाशी कुजतं, बोट लावलं की चिखलासारखं लागतं. निम्मी माती आणि उरलेल्यात वाळू व चांगलं कुजलेलं शेणखत घ्या आणि वाफा जमिनीपासून वीतभर उंच करा. डिसेंबर-जानेवारीत झाड जोमानं वाढतं. फेब्रुवारीपासून बाहेरचे देठ बुडाशी धरून, किंचित पिळून ओढायचे. ते करंगळीएवढेच जाड आणि बरेचसे हिरवे असतात, लेकीकडच्यासारखे नसतात. चव मात्र तीच.

आणि तुमचं ते भांडं? इथे ते वापरायला माझी हरकत नाही, उलट आग्रह आहे. एप्रिलमध्ये झाड जाणारच असतं, त्यामुळे पुढच्या वर्षासाठी त्याला जपण्याचा प्रश्नच नाही. जानेवारीच्या शेवटी एखाद्या झाडाची मोठी पानं काढून टाका आणि सावलीत त्यावर जुना माठ पालथा घाला. प्लॅस्टिकची बादली नको, उन्हात तापते. पीक याने लवकर येणार नाही, साठाही फार नसतो, पण मधून फुटणारे नवे देठ फिके, कोवळे येतात. दर दोन-तीन दिवसांनी उचलून गोगलगाई बघत जा.

एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा: रुबार्बचं पान खायचं नाही. आपल्याकडे पालेभाजी दिसली की पान आधी कढईत जातं, आणि हे पान तर अळूच्या भावासारखं दिसतं. त्यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं, ते विषारी आहे. चिंच घालून शिजवलं तरी चालत नाही. फक्त देठ.

तुम्हाला झाडापेक्षा रुबार्बच्या मुरंब्याची आंबटगोड चव हवी असेल, तर मी अंबाडी लावा म्हणेन. चुका रुबार्बच्याच कुळातला, पण त्याची पानं शिजून गळतात, मुरंबा होत नाही. अंबाडीच्या लाल बोंडांचा मात्र इतका सुरेख होतो की मला तो रुबार्बपेक्षा सरस वाटतो. बोंडाच्या बुडाशी सुरीनं गोल चीर द्यायची आणि मधली हिरवी बी-पेटी खालून बोटानं ढकलायची, लाल पाकळ्यांची टोपी अखंड हातात राहते. धुऊन, बुडेल इतक्या पाण्यात मऊ शिजवा आणि मग वजनाला वजन साखर घाला. त्यात पेक्टिन, म्हणजे पाक घट्ट करणारा पदार्थ, असल्यानं पाक पटकन धरतो, म्हणून साखर पडली की गॅसजवळून हलू नका. बी पावसाळा सुरू झाला की टाकायचं, बोंडं दिवाळीनंतर येतात. यंदा वेळ निघून गेली असेल तर हिवाळ्यात गोकुळपेठ मार्केटमध्ये किंवा कॉटन मार्केटला विचारा, ताजी बोंडं असतात. घेताना करकरीत, गडद लाल निवडा. टोकं वाळलेली असतील तर ती मुरंब्याला नको, वाळवून सरबताला ठेवा.