खलबत, मसलत, कारस्थान की कट?

दादरच्या एका वाचक मुलीने विचारलंय. ती आणि तिची मैत्रीण मिळून एक अद्भुतरम्य कादंबरी मराठीत आणतायत. त्यात चार बडी सरदार घराणी आहेत, राजा अंथरुणाला खिळलाय, आणि घराण्यांचे प्रमुख दार लावून पुढचा राजा कोण ते ठरवतायत. ‘गुप्त बैठक’ लिहिलं तर सोसायटीच्या कमिटीची मीटिंग वाटते, म्हणते. मग ‘कट’ म्हणावं की ‘षड्‌यंत्र’?

दोन्ही नको. त्या प्रसंगाला शब्द आहे ‘खलबत’.

मूळ अरबी ‘खल्वत’, म्हणजे एकांत. फारसीतून आपल्याकडे येताना ‘व’चा ‘ब’ झाला. (खलबत्त्याशी याचं काही नातं नाही, तिथे खल आणि बत्ता असे दोन जिन्नस आहेत.) रायगडावर राजवाड्याजवळ एक तळघर दाखवतात. कुणी त्याला रत्नशाळा म्हणतं, कुणी खलबतखाना. या शब्दाला अशी खोली लागते, दार लागतं, आणि दाराबाहेर कुणीतरी लागतं. आत काय ठरलं ते बाहेर कळत नाही, पण काहीतरी ठरतंय हे सगळ्यांना कळतं. लोकलच्या डब्यात दोघी डोक्याला डोकं लावून बोलायला लागल्या की तिसरी विचारतेच, “काय गं, कसली खलबतं चाललीत?” तिला बोलणं ऐकू आलेलं नसतं. आपल्याला त्यात घेतलेलं नाही, एवढं मात्र नीट कळलेलं असतं. तुमच्या कादंबरीतली सत्ता नेमकी याच दारावर मोजली जातेय: कोण आत, कोण बाहेर.

बाकीचे शब्द क्रियापदांवरून ओळखा. मसलत करतात, मसलत देतात. तिथे सल्ला मागणारा धनी असतो आणि सल्ला देणाऱ्याला मान असतो. कारस्थान रचतात. कट मात्र शिजतो, आणि मग फुटतो किंवा उघडकीला येतो.

कट आणि कारस्थान यांतला फरक पेशव्यांच्या एकाच घराण्यात दिसतो. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. तो कट. पुढे नाना फडणवीस, सखारामबापू बोकील वगैरे मंडळींनी राघोबादादांना बाजूला सारून नारायणरावांच्या गरोदर पत्नीच्या, गंगाबाईंच्या नावाने कारभार हाती घेतला. तिला पुरंदरावर ठेवलं. तिथेच 18 एप्रिल 1774 रोजी सवाई माधवराव जन्मले. जन्मही न झालेल्या धन्यासाठी केलेली ही उलथापालथ इतिहासात ‘बारभाईंचं कारस्थान’ म्हणून राहिली, आणि तो शब्द उच्चारताना आपल्याला नाना गुन्हेगार वाटत नाहीत. आज कारस्थानी माणूस म्हटलं की शिवीच वाटते, पण जुन्या राजकारणातली धूर्त बांधणी त्या शब्दात अजून शिल्लक आहे. ती वापरा.

‘षड्‌यंत्र’ मराठीत आहे, पण त्याला हिंदी बातम्यांचा वास येतो. सरदाराच्या तोंडी घालू नका.

‘घराणं’ लिहिताय ते फार बरं करताय. कुणी ‘कुळ’ सुचवलं तरी बदलू नका. कुळ रक्तापाशी आणि कुलदैवतापाशी थांबतं. घराण्यात दत्तक पुत्र, जुने चाकर, वतन, पिढीजात वैर सगळं मावतं. शिवाय घराणं गुपितही राखतं. आपल्या भेंडीबाजाराचं नाव एका गायन घराण्याला आहेच; जुन्या गवयांकडे घराण्याची खास चीज बाहेरच्याला सहजी मिळत नसे. वाचकाच्या कानात हे सगळं आधीपासून असतं.

तुमचं वाक्य मी असं करीन: ‘तीन रात्री चारही घराण्यांची खलबतं चालली होती, आणि दिवे घेऊन उभ्या असलेल्या चाकरांना तेवढंच ठाऊक होतं.’ पुढच्या प्रकरणात धाकट्या राजपुत्राच्या दुधात विष घालायचं ठरतं असं तुम्ही लिहिलंय. तिथे ‘कट’ येऊ द्या, त्याच्याआधी एकदाही नको.